घाटात बेल्ट तुटतो तेव्हा

चढावर स्कूटर बरी चाललेली असते. डाव्या पायाखालून एकाएकी फट् असा आवाज येतो, आत काहीतरी आपटल्यासारखं खडखडतं आणि गाडीची ओढ संपते. मूठ पिळली की इंजिन पूर्वीपेक्षा मोठ्याने गुरगुरतं, पण गाडी मंदावत जाते आणि थांबते. पेट्रोल आहे, बॅटरी आहे, इंजिन चालू आहे, फक्त त्याची ताकद मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. बिनगिअरच्या स्कूटरवर असं घडलं, तर डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखालचा रबरी बेल्ट तुटला असं बहुतेक वेळा समजावं.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण क्लचचे शू झिजून संपले तरी इंजिन नुसतं ओरडतं. मात्र ते दुखणं हळूहळू वाढत येतं, असं एका क्षणात होत नाही. मागचं चाक हाताने मोकळं फिरतं, हा बेल्ट तुटल्याचा पुरावा मानू नये. अशा स्कूटरचं चाक इंजिन बंद असताना एरवीही मोकळंच फिरतं. खूण शोधायची ती आवाजात आणि क्षणार्धात गेलेल्या ओढीत.

जुन्या गिअरच्या स्कूटरवाल्यांच्या डिकीत एक जादा प्लग आणि क्लचची केबल हमखास असे. रस्त्याकडेला गाडी तिरकी करून प्लग पुसणारा माणूस हे नेहमीचं दृश्य होतं. बेल्टच्या गाड्या आल्या आणि ही सवय गेली, कारण यंत्र कव्हरखाली बंद झालं आणि रोजच्या रोज त्रास देईनासं झालं. आपल्याकडे ही रचना रुळवली ती कायनेटिक होंडाने. पुण्याच्या कायनेटिकने १९८४ साली जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि पीथमपूरच्या कारखान्यातून ९८ सीसीची, बटणावर चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर बाहेर पडली. साडी नेसून चालवता येईल, क्लच दाबावा लागणार नाही, भर चौकात गाडी बंद पडणार नाही, या गोष्टींचं मोल त्या काळी फार होतं. होंडा १९९८ मध्ये त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि २००१ मध्ये तिने स्वतःची ॲक्टिव्हा आणली. आज शाळेला जाणाऱ्या शिक्षिकेपासून दूध पोचवणाऱ्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली हीच रचना आहे. एवढ्या लोकांचा रोजचा दिवस ज्या वस्तूवर चालतो, ती वस्तू आपण एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

अशी रचना त्याआधीही होती, आणि ती मोटारीत वापरली गेली होती. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली ‘डाफ ६००’ ही छोटी मोटार लोकांपुढे मांडली. हुब फान डोर्न यांनी तिच्यात गिअरबॉक्सच्या जागी रबरी बेल्ट आणि रुंदी बदलणाऱ्या पुल्या बसवल्या होत्या. आपल्या स्कूटरमध्ये तेच तत्त्व लहान आकारात आहे.

दोन थाळ्या पाठीला पाठ लावून धरल्या की कडेने जी व्ही आकाराची खाच तयार होते, ती म्हणजे पुली. एक पुली पुढे, इंजिनाच्या दांड्यावर. दुसरी मागे, क्लचच्या आतल्या बाजूला. दोन्हींवरून एकच बेल्ट फिरतो. पुढच्या पुलीची आतली थाळी दांड्यावर सरकू शकते आणि तिच्या पोटात वजनदार रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, उतरत्या पत्र्यावर दाबले जातात आणि आतली थाळी बाहेरच्या थाळीकडे ढकलतात. खाच अरुंद झाली की बेल्टला बुडाशी जागा उरत नाही, तो वर चढतो आणि मोठ्या वर्तुळात फिरू लागतो. बेल्टची लांबी तर ठरलेली. पुढे तो वर चढला की मागे त्याला खाली उतरावंच लागतं, आणि तिथली स्प्रिंग दाबून तो मागच्या थाळ्या दूर सारतो. गाडी सुटताना पुढे लहान वर्तुळ आणि मागे मोठं, म्हणजे ताकद जास्त. वेग आल्यावर पुढे मोठं आणि मागे लहान. ढोबळमानाने, सुरुवातीला पुढची पुली अडीच फेरे मारते तेव्हा मागची एक मारते, आणि वेगात मागचीच पुढचीपेक्षा जास्त फिरते. या दोन टोकांच्या मधलं कुठलंही प्रमाण या रचनेला चालतं, म्हणूनच गाडी झटका न देता वेग घेते.

बेल्टच्या आतल्या बाजूला दाते असतात, ते पाहून तो सायकलच्या चेनसारखा दात्यांवर ओढत असेल असं वाटतं. तसं नाही. ते दाते कशातही अडकत नाहीत. बेल्ट लहान वर्तुळावर सहज वाकावा आणि त्याला हवा लागावी, एवढंच त्यांचं काम. सगळी ओढ बेल्टच्या दोन तिरप्या कडा आणि थाळ्यांचे गुळगुळीत पृष्ठभाग यांच्या घर्षणावर चालते. रबराच्या पोटात पॉलिएस्टर किंवा ॲरामिडचे दोर असतात, ताण ते सोसतात. बेल्टचं पुढचं सगळं वागणं या दोन गोष्टींवरून समजतं. कडा झिजल्या की बेल्ट अरुंद होतो, पुढच्या खाचेत पूर्वीइतका वर चढू शकत नाही, आणि गाडीचा कमाल वेग घटतो. कडांना तेल लागलं की तो घसरतो. घसरला की तापतो. तापत राहिला की रबर कडक होतं, दात्यांच्या बुडाशी भेगा पडतात आणि अखेर दोर तुटतात.

घाटात तो जास्त तुटतो याचं कारणही इथेच आहे. ताम्हिणी असो, वरंधा असो की चोर्ला, तीव्र चढावर मूठ पूर्ण पिळलेली असते आणि वेग मात्र कमी. बेल्ट पुढच्या लहान वर्तुळावर उतरतो, तिथे त्याला घट्ट वाकावं लागतं, थाळीशी त्याचा संपर्क कमी आणि ओढ सगळ्यात जास्त. त्यात मागे माणूस आणि पायाशी तांदळाचं पोतं. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या थाळीवर पंख्यासारखी पाती असतात, ती नळीवाटे हवा ओढून बेल्ट थंड ठेवतात. त्या नळीच्या तोंडाशी बहुधा फोमची जाळी असते. खडीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत ती धुळीने बुजते आणि कोणी तिकडे पाहत नाही. साठलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि कव्हरमध्ये पाणी शिरलं तर बेल्ट ओला होऊन घसरतो, पाणी निघून गेलं की पुन्हा धरतो. अशा वेळी बेल्ट तुटला असं समजून कव्हर खोलायची घाई करू नये.

तुटण्याआधी बेल्ट सहसा सांगतो. सुटताना गाडी थरथरते, चढावर नुसती रेस वाढते आणि पिकअप मिळत नाही, कव्हरमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो, कधी जळक्या रबराचा वास. गाडीच्या पुस्तिकेत बेल्ट तपासायचा आणि बदलायचा किलोमीटरचा आकडा दिलेला असतो, बऱ्याच स्कूटरमध्ये बदलायचा आकडा वीस ते पंचवीस हजारांच्या दरम्यान येतो. वर्षानुवर्षं कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट आकडा गाठण्याआधीच वयाने कडक होतो. आजोबांची जपून वापरलेली स्कूटर नातवाने काढून थेट महाबळेश्वर गाठायचं ठरवलं, तर आधी बेल्ट बदलावा.

लांबच्या प्रवासाला नवा बेल्ट डिकीत ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. काहीशे रुपयांची, डिकीत सहज मावणारी वस्तू आहे. फक्त तो घेताना गाडीच्या नावावर जाऊ नये. एकाच नावाच्या स्कूटरचं इंजिन पिढीगणिक बदललेलं असतं, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांच्या वेळी तर अनेक गाड्यांचे भाग बदलले. गाडीचं वर्ष सांगून, मूळ कंपनीचाच बेल्ट घ्यावा. बेल्टला घडी घालू नये, पीळ देऊ नये, आतले दोर तिथे मोडतात. सैल गोल करून, तेलकट फडक्यांपासून दूर पिशवीत ठेवावा. सोबत कव्हरच्या बोल्टांसाठी टी-पाना, बहुतेक गाड्यांत ८ मिलिमीटरचा. पुढच्या पुलीच्या नटाच्या मापाची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा. पुली धरून ठेवायचा होल्डर किंवा पट्ट्याचा पाना. कोरडी फडकी, जाड हातमोजे आणि कपाळावर लावायचा दिवा. नटाचं माप गाडीगणिक बदलतं, ते घरीच तपासून ठेवावं. आणि एकदा ओळखीच्या मेकॅनिककडे उभं राहून हे काम होताना पाहावं, जमल्यास स्वतःच्या हाताने करावं. घाटात पहिल्यांदाच कव्हर खोलणाऱ्याला मी ते करू नको असंच सांगेन.

बेल्ट तुटल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मूठ सोडून इंजिन बंद करणं. आत बेल्टचे तुकडे भिरभिरत असतात आणि फिरत्या इंजिनावर ते दांड्याभोवती गुंडाळले जातात. मग चाक फिरतंय का पाहावं. मोकळं असेल तर गाडी ढकलून रुंद जागी, वळणापासून दूर न्यावी. तुकडा क्लच आणि कव्हरच्या मध्ये रुतला असेल तर चाक अडतं, अशा वेळी जोर लावून फिरवू नये. उतारावर बेल्ट तुटला तर इंजिन जो थोडाफार वेग धरून ठेवतं तेही संपतं, फक्त ब्रेक उरतात. तसं झालं तर गाडी तशीच घरंगळवत पायथ्याला नेण्याचा मोह आवरावा, कारण लांब उतारावर ड्रम ब्रेक तापून ढिले पडतात. अंधार, पाऊस, अरुंद वळण यांपैकी काही असेल तर पाना काढूच नये. विम्यासोबत रोडसाइड मदत घेतलेली असेल तर तो फोन करावा, धोका वाटला तर ११२. गोव्यात भाड्याने घेतलेली स्कूटर असेल तर ती खोलण्याचा अधिकारच आपला नाही, मालकाला कळवावं.

जागा चांगली आहे, उजेड आहे, सामान आहे, तर गाडी मेन स्टँडवर घ्यावी, किल्ली काढावी आणि आधी थंड होऊ द्यावी. कव्हरखालची पुली चटका देण्याइतकी तापलेली असते. कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. कुठला कुठून निघाला त्याचा फोटो काढावा, किंवा पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार रेखाटून त्याच जागी बोल्ट टोचून ठेवावेत. लांब बोल्ट चुकीच्या भोकात पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि नवं दुखणं मागे लागतं. कव्हर चिकटलेलं असेल तर लाकडाच्या तुकड्याने कडेने हलकं ठोकावं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की कड खरवडते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं. कव्हरसोबत पॅकिंग आणि दोन छोट्या गोल पिना येतात, त्या गवतात पडल्या तर सापडत नाहीत.

आत दिसतं ते काळ्या धाग्यांचं जाळं. तुटलेल्या बेल्टचे दोर दांड्याभोवती, क्लचमागे, कोपऱ्यांत गुंतलेले असतात. ते सगळे, अगदी एकेक, काढावे लागतात. पुढच्या पुलीमागे अडकलेला दोर ऑइल सील कापतो आणि नव्या बेल्टवर तेल येतं. थाळ्यांचे उतार कोरड्या फडक्याने पुसावेत.

आधी पुढच्या नटाचा जवळून फोटो काढायचा. मग नट काढताना पुली फिरू नये म्हणून होल्डर लावायचा. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यात पाती तुटतात, पंखा कमी हवा ओढतो आणि पुली डोलू लागते. नट निघाला की बाहेरची थाळी ओढून काढायची. आतली रोलरवाली थाळी मात्र हाताने आत दाबून धरायची. ती पुढे सरकली तर रोलर जागचे निखळतात, आणि उलटसुलट बसलेल्या रोलरांनी गाडी ओढत नाही.

आता या सगळ्या कामाचा जो गाभा आहे, तो. नवा बेल्ट क्लचच्या ड्रमवरून आत नेऊन मागच्या पुलीवर चढवायचा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, नुसती अक्षरं असतील तर ती बाहेरून सरळ वाचता यावीत अशी. मागच्या थाळ्या स्प्रिंगने घट्ट मिटलेल्या असतात, म्हणून बेल्ट सुरुवातीला कडेवरच राहतो. बाहेरची थाळी किंचित फिरवत क्लचच्या बाजूला ढकलायची आणि बेल्टच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजू पुलीजवळ मुठीत एकमेकींकडे दाबायच्या. बेल्ट खाचेत खोल उतरतो. तो उतरला की पुढच्या बाजूला सैलपणा मिळतो, आणि त्या सैलपणातच बाहेरची थाळी दांड्यावर बसवायची असते. दांड्यावर मधोमध एक नळी असते, मेकॅनिक तिला बुश म्हणतात. बाहेरची थाळी या बुशला टेकली पाहिजे आणि तिच्या भोकातले दाते दांड्याच्या दात्यांत पूर्ण बसले पाहिजेत. बेल्ट मागे खोल गेला नसेल तर पुढे तो ताठ राहतो आणि थाळी व बुश यांच्यामध्ये चिमटतो. नट पिळताना हाताला तो पक्का घट्ट लागतो. खरं तर थाळी बुशवर न टेकता रबरावर टेकलेली असते. इंजिन चालू झालं, बेल्ट जागेवर सरकला, की नटाखाली जागा मोकळी होते, नट सैल पडतो, थाळी दांड्यावर डुलते आणि दात्यांचा चुरा करते. थाळीचे दाते गेले तर थाळी बदलता येते. दांड्याचे गेले तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. काहीशे रुपयांच्या बेल्टपायी काही हजारांचा खर्च उभा राहतो, तो बहुधा इथून.

म्हणून नट अंतिम घट्ट करण्याआधी थांबावं. पुढच्या थाळ्यांमध्ये बेल्ट बोटाने हलतो का? नटाबाहेर दांड्याचे तेवढेच आटे दिसतात का, जेवढे खोलण्याआधीच्या फोटोत होते? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच जोर लावावा. नट घट्ट झाल्यावर पुढची पुली हाताने सावकाश फिरवत राहिलं की मागचा बेल्ट हळूहळू वर चढतो आणि थाळ्यांच्या कडेशी येऊन ताठ होतो. तो तसा आला की बेल्ट बरोबर बसला. ग्रीस, तेल, पावडर काहीही लावायचं नाही. उघड्या कव्हरवर इंजिन चालू करून पाहायचं नाही, बोटं जातात. किकवाल्या गाड्यांत किकची चक्री कव्हरमध्येच असते, ती जागेवर आहे ना ते पाहून कव्हर लावावं आणि बोल्ट आडवेतिडवे, थोडेथोडे करत आवळावेत.

मेन स्टँडवरच इंजिन चालू करून मागचं चाक फिरू द्यावं. खडखड किंवा घासल्याचा आवाज आला तर निघू नये. निघाल्यावर पहिले काही किलोमीटर हलक्या हाताने चालवावं आणि सामान कमी करता आलं तर करावं. रस्त्याकडेला हाताने आवळलेला नट पुरेसा नसतो. कंपनीने ठरवलेल्या जोराने तो टॉर्क पान्याने आवळायचा असतो, म्हणून पहिल्या भरवशाच्या गॅरेजात थांबून तेवढं करून घ्यावं.

त्याच वेळी मेकॅनिकला तुटलेल्या बेल्टचे तुकडे दाखवावेत. ते घाटात फेकून येऊ नयेत. एका बाजूची कड फुटून दोर लोंबत असतील तर थाळ्या झिजल्या आहेत किंवा बेल्ट तिरका चालत होता. कडा काचेसारख्या चकचकीत असतील तर तो दीर्घकाळ घसरत होता, मग रोलर, सरकत्या थाळीवरचे प्लास्टिकचे तुकडे आणि मागची स्प्रिंग तपासायला सांगावी. दाते गळालेले आणि भेगाळलेलं रबर असेल तर वय किंवा उष्णता, तेव्हा हवेच्या नळीची जाळी पाहावी. आणि तुकडा हाताला तेलकट लागला तर नवा बेल्ट कितीही चांगला असला तरी तो टिकणार नाही, आधी ऑइल सील बदलावं लागेल.